चौभोक्याचा फोटो

मित्रांनो, आधी तुमच्या सदऱ्याचं एखादं बटण नीट बघा. त्याला चार भोकं आहेत ना? सारख्या अंतरावर, कडा न फुटलेली? ती कुणी पाडली असतील असा विचार तुम्ही कधी केला नसेल. करायचं काही कारणही नाही म्हणा, बटण तुटल्याशिवाय त्याची आठवण कुणाला होते? मी एक जुना चौभोक्या आहे. बटणांना भोकं पाडणं हा माझा धंदा. कागदोपत्री माझं नाव बरंच लांबलचक होतं आणि ते एका पितळी पट्टीवर कोरलेलंही होतं. पण ते वाचायला सवड कुणाला? कामावरच्या बायकांनी पहिल्याच दिवशी मला चौभोक्या म्हटलं आणि तेच चिकटलं.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं, थंड झाल्यावर साचा फोडला आणि मी बाहेर आलो. मग कुणी मला घासलं, कुणी आटे पाडले, कुणी पोटाखाली चार गिरमिटं बसवली. उजव्या अंगाला लाकडी मुठीचा एक दांडा दिला. बटणाची कोरी चकती वाटीत ठेवायची, दांडा खाली ओढायचा. चारही गिरमिटं एकदम खाली येणार, भोकं पाडणार आणि वर जाणार. ऐकायला सोपं वाटतं. पण दांडा जरा जोरात ओढला की चकती तडकलीच म्हणून समजा, आणि हळू ओढला तर भोकाच्या कडा फाटायच्या. माझा दांडा नेमका किती जोरानं ओढायचा, हे शिकायला शहाण्या माणसालाही तीन महिने लागत.

कारखान्यात आम्ही त्रेचाळीस यंत्रं होतो. माझ्यासमोर भिंतीला टेकून ठोकळ्या उभा असे. तो चकत्या कापायचा आणि मी त्यांना भोकं पाडायचो. ठोकळ्या दिसायला दांडगा आणि कामाला आळशी. आठवड्यातून दोनदा त्याचा पट्टा सुटायचा, आणि पट्टा सुटला नाही तर त्याला ताप चढायचा. मी त्याच्याबद्दल वाईट बोलत नाही, मित्रांनो. जे होतं ते सांगतो.

माझ्यावर सव्वीस वर्षं एकाच बाईनं काम केलं. तिला सगळ्या पोरी मावशी म्हणत, म्हणून मीही मनातल्या मनात मावशीच म्हणायचो. मावशी ठेंगणी होती. दांड्यापर्यंत हात पुरावा म्हणून ती एका फळीवर उभी राहायची. तिचा धाकटा भाऊ आमच्याच कारखान्यात फिटर होता. आम्हा यंत्रांची दुखणीखुपणी तोच काढायचा. त्याला सगळे फिटरकाका म्हणत. काकांच्या हातात पाना असला की ते कुणाचं ऐकत नसत, फक्त मावशीचं ऐकत. ती त्यांची ताई होती ना!

नवी पोरगी कामाला लागली की तिला मावशीकडे पाठवत. पोरगी घाबरलेली असायची. चकत्या तडकायच्या, सुपरवायझर डोळे वटारायचा, पोरीच्या डोळ्यांत पाणी यायचं. मावशी मागे उभी राहून तिच्या हातावर आपला हात ठेवायची आणि दांडा तिच्याबरोबर ओढायची. "हाताला कळू दे गं," ती म्हणायची, "डोक्याला नंतर कळेल." असे दिवसांमागून दिवस जायचे. मग एक दिवस त्या पोरीचा शंभर बटणांचा अख्खा ट्रे एकही चकती न तडकता भरायचा. त्या दिवशी मावशी तिला एका तुटक्या गिरमिटाचं टोक द्यायची. त्या टोकानं माझ्या डाव्या अंगावरच्या हिरव्या रंगात पोरीनं एक छोटंसं वर्तुळ कोरायचं आणि वर्तुळात चार टिंबं द्यायची. झालं, पोरगी कामात पास!

अशी एकतीस वर्तुळं माझ्या अंगावर होती. एकीनं आनंदाच्या भरात चाराच्या जागी पाच टिंबं दिली होती. एक उंच पोरगी होती, तिचं वर्तुळ सगळ्यांच्या वर. एक फार लाजाळू होती, तिनं खाली कोपऱ्यात मसुराएवढं काढलं. दोघी जुळ्या बहिणी होत्या, त्यांनी एकमेकींना चिकटून काढलं. मला कुणी अंधारात विचारलं असतं, तरी कुठलं वर्तुळ कुणाचं ते मी सांगितलं असतं. विचारलं मात्र कुणी नाही.

कंपनीच्या यंत्रावर ओरखडा काढणं हा गुन्हा होता. सापडलं तर घरी पाठवत. म्हणून मावशी त्या बाजूला हात पुसायची चिंधी अडकवून ठेवायची. सुपरवायझरला कधीच पत्ता लागला नाही. फिटरकाकांना मात्र लागला. ते एकदा मला तेल द्यायला आले, चिंधी उचलली आणि जागच्या जागी उभे राहिले.

"ताई, हे काय गं? लोक काय म्हणतील? कंपनीचं मशीन आहे हे!"

"तू तुझा पाना धर," मावशी म्हणाली. "आणि ती चिंधी होती तशी ठेव."

काकांनी चिंधी होती तशी ठेवली. ते कुणाला बोलले नाहीत. पण आपल्या बहिणीच्या मशीनवर ओरखडे आहेत, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली.

आमच्या कारखान्यात एक रीत होती. वर्षातून एकदा मालक तपासणीला यायचे आणि त्याच दिवशी सगळ्यांचा फोटो निघायचा. मालक येणार, फोटो निघणार म्हटलं की आदल्या दिवशी सगळी यंत्रं रॉकेलनं धुवायची, पॉलिश पेपर मारायचा आणि हिरवा ऑइल पेंट द्यायचा. हे काम फिटरकाकांचं. त्यांच्या हाताची सफाई अशी, की मालक यंत्राच्या अंगात तोंड बघून मिशा नीट करायचे. मी दोनदा सगळ्यांत सुंदर यंत्र ठरलो. माझ्या दांड्याला लाल फीत बांधली होती. अंगावर मूठभर मांस चढणं म्हणतात, ते लोखंडालाही चढतं बरं का! पण दरवर्षी काकांचा ब्रश डाव्या बाजूला आला की मावशी म्हणायची, "तेवढं सोड." आणि काका कपाळाला आठ्या घालून तेवढं सोडायचे.

पुढे बटणं दुसरीकडे, दुसऱ्या यंत्रांवर, कुणी दांडा न ओढताच व्हायला लागली. कारखाना बंद पडला. वीज तोडली. मावशीनं शेवटच्या दिवशी माझी मूठ पुसली आणि चिंधी जागेवर अडकवली. ती तिथेच अकरा वर्षं लटकत राहिली आणि पापडासारखी कडक झाली. राखणीला फिटरकाकांनाच ठेवलं. ते रोज एक चक्कर मारत, दारं खिडक्या बघत आणि निघून जात. तेल कुणी दिलं नाही. मी तक्रार करत नाही. जे फिरायचंच नाही, त्याला तेल कशाला?

मग एक दिवस बातमी आली. कारखान्याचं कलाकेंद्र होणार होतं. चकत्या धुवायच्या खोलीत चित्रं काढायची, पॅकिंगच्या खोलीत नाटक करायचं, आणि आमच्या मोठ्या दालनात प्रदर्शनं भरवायची. मला आवडली ती कल्पना. पोरांचे आवाज ऐकून अकरा वर्षं झाली होती. पण दालनात जागा हवी होती. त्यामुळे आमच्यापैकी एकच यंत्र आठवण म्हणून मधोमध ठेवायचं आणि बाकीची बेचाळीस भंगारात द्यायची, असं ठरलं. ते एक कुठलं, हे समिती ठरवणार होती. आणि समितीला दाखवायला आमचे सगळ्यांचे फोटो काढायला एक फोटोवाली ताई आली.

ही ताई धुळीनं सारखी शिंकायची आणि सारखी म्हणायची, "एक मिनिट हं." तिचं एक मिनिट अर्ध्या तासाचं असे. यंत्राभोवती ती आधी तीन फेऱ्या मारायची, मग जमिनीवर आडवी व्हायची, मग एक फोटो काढायची. सोमवारी माझी पाळी आली तेव्हा संध्याकाळ होत आली होती. तिनं माझ्याभोवती फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या फेरीत दोन बोटांनी ती कडक चिंधी उचलली.

बराच वेळ ती शिंकलीसुद्धा नाही.

"काका, हे काय आहे?"

फिटरकाकांचा चेहरा पडला. "ते होय? ते काही नाही मॅडम. पोरींचे चाळे. ओरखडे आहेत."

"कुठल्या पोरी?"

"इथल्याच. कामाला असायच्या," असं पुटपुटत काका तिची पाण्याची बाटली भरायला निघून गेले.

ताईनं बोट ठेवत ठेवत एकतीसही वर्तुळं मोजली. मसुराएवढं सुद्धा सोडलं नाही. तिनं चार-सहा फोटो काढले, कॅमेऱ्यात बघितले आणि चुकचुकली. उजेड पुरत नव्हता, सगळं काळं येत होतं. मग तिनं समितीच्या अध्यक्षांना फोन लावला. "मला आपलं मशीन मिळालंय," ती म्हणाली. "एकतीस वेगवेगळ्या हातांच्या खुणा आहेत त्याच्यावर. तुम्ही एकदा बघाच." माझा जीव भांड्यात पडला. एकतीसजणी दालनाच्या मधोमध राहणार होत्या, आणि त्यांच्याबरोबर मी.

काका बाटली घेऊन आले. जाता जाता ताई त्यांना म्हणाली, "काका, बहुतेक हेच मशीन ठेवतील. गुरुवारी सकाळी समिती बघायला येतेय. चांगले फोटो मी तेव्हाच काढीन, ऊन आत येतं तेव्हा."

"हे?" काकांना खरंच वाटेना. "हे तर आमच्या ताईचं!"

तेवढ्यात फोटोवाल्या ताईला सलग चार शिंका आल्या आणि ती रुमाल नाकाला लावून बाहेर पळाली. हे मशीन का ठेवणार, ते सांगायचं तिला सुचलं नाही. विचारायचं काकांनाही सुचलं नाही. दोघांनी आणखी दोन मिनिटं बोलायला काय हरकत होती?

बुधवारी दुपारी फिटरकाका आले. त्यांच्या एका हातात रॉकेलचा डबा होता, दुसऱ्या हातात हिरवा पेंट. ते बघूनच मी ओळखलं. मोठे लोक येणार, फोटो निघणार! आयुष्यभराची रीत ते कशी विसरणार? त्यांनी खाली वर्तमानपत्रं पसरली. माझे पाय धुतले, गंज काढला, मूठ घासून तिच्यावर पॉलिश दिलं. गुडघे दुखत होते तरी वाकून वाकून सगळं करत होते. मधेच माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "चल बाबा, तुझा फोटो निघायचाय."

मग ते डाव्या बाजूला आले. चिंधी काढून त्यांनी खाली टाकली.

"ताईनं मला ही बाजू कधी रंगवू दिली नाही," ते माझ्याशी बोलत होते. "पण उद्या एवढे लोक बघणार. म्हणतील, बाई काम करत होती की मशीन ओरबाडत होती? नाही नाही. माझ्या बहिणीला कुणी नाव ठेवता कामा नये."

त्यांनी पॉलिश पेपर घेतला. पाच टिंबांवाली सगळ्यांत आधी गेली. मग जुळ्या गेल्या, दोघी एकदम. मी काय करू शकत होतो, मित्रांनो? माझं वजन सहा माणसांचं, गिरमिटं चार, दात असलेली चाकं नऊ. त्यातलं एकही चाक मला केसभरही हलवता आलं नाही. मला एकदा, फक्त एकदा करकरता आलं असतं, तरी काका थांबले असते. माझी करकर त्यांना नेहमी कळायची. पण ते सकाळीच मला भरपूर तेल देऊन गेले होते. उंच पोरीपर्यंत हात पोचेना म्हणून काकांनी मावशीची फळी पायाखाली घेतली. जी राहिली, खोल कोरलेली होती ती, त्यांच्यात त्यांनी बोटानं पुट्टी भरली. मसुराएवढीला बोटभरही लागली नाही. संध्याकाळपर्यंत माझी डावी बाजू कोऱ्या पाटीसारखी झाली आणि तिच्यावर रंगाचा हात फिरला.

गुरुवारी सकाळी ते मावशीला घेऊन आले. तिला आता धूसर दिसतं. भावाचा हात धरून ती दालनात आली, इस्त्रीचे कपडे घालून. अकरा वर्षांनी मी तिला बघत होतो. काकांच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. "हात लाव ना ताई. वाळलाय रंग."

मावशीनं हात लावला. आधी मुठीला, मग पितळी पट्टीला. मग तिचा हात सवयीनं डाव्या बाजूला गेला आणि तिथे फिरू लागला. वर गेला, खाली कोपऱ्यात गेला, परत वर आला. मग थांबला.

"गुळगुळीत केलंस की रे," ती म्हणाली.

"मग! आरशासारखं. या वेळी काही सोडलं नाही."

मावशीनं त्याच जागी आणखी एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "छान केलंस हो."

इतक्यात फोटोवाली ताई दिवे आणि छत्र्या घेऊन आत आली. ऊन नेमकं माझ्यावर पडलं होतं. ती जिथे होती तिथेच उभी राहिली.

"कालच सगळं साफ केलं मॅडम," काका म्हणाले. "दोन हात मारले. आता ओळखू येत नाही ना?"

"नाही," ती म्हणाली. "ओळखू येत नाही."

ती पुढे बोलणार होती. मावशीनं आवाजाच्या दिशेनं हात पुढे केला आणि तिचं मनगट धरलं. "अरे, समितीच्या लोकांना बसायला खुर्च्या नकोत का?" तिनं भावाला सांगितलं. काका लगबगीनं गेले. मग मावशी हळू आवाजात म्हणाली, "त्याला सांगू नका हो. त्यानं माझी लाज राखलीय, असं त्याला वाटतंय."

"पण मावशी, आता हे मशीन ठेवणार नाहीत. भंगारात जाईल."

"जाऊ दे. मशीन लोखंडाचं आहे. तो नाही."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? सव्वीस वर्षांची सोबत होती आमची. पण मला बोलता आलं असतं, तर मीही तेच म्हटलं असतं.

समितीचे चौघे आले. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं आणि भुवया वर केल्या. "हे तर काल दुकानातून आणल्यासारखं दिसतंय. जुनं काहीतरी हवंय आपल्याला." ताईनं त्यांना सोमवारचे फोटो दाखवले. त्यांनी कॅमेरा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, चष्मा काढून बघितला. "मला तरी यात काही दिसत नाही," ते म्हणाले. आणि मग त्यांची नजर ठोकळ्यावर गेली. ठोकळ्या पायापासून डोक्यापर्यंत गंजलेला. त्याच्या डोक्यावर चिमणीचं घरटं. "वा! हा बघा. याला म्हणतात इतिहास!" सगळ्यांनी माना डोलावल्या. सव्वीस वर्षं ज्याचा पट्टा आठवड्यातून दोनदा सुटायचा, तो दालनाच्या मधोमध उभा राहणार असं ठरलं. काका खुर्च्या घेऊन आले तेव्हा बसायला कुणी उरलं नव्हतं.

जाण्याआधी ताईनं माझा एकच फोटो काढला. मावशीला ती म्हणाली, "हात तिथेच ठेवाल?" मावशीनं ठेवला. फोटोत फक्त हिरवा रंग असेल आणि त्याच्यावर एक म्हातारा हात. तो हात तिथे काय शोधत होता, हे बघणाऱ्याला कधी कळणार नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. तुम्ही ऐकणारी मुलं आहात, तुम्ही जपालही. माझं मागणं एवढंच आहे, की घरातलं काही जुनं पुसायला, घासायला, रंगवायला घ्याल, तेव्हा आधी ज्याचं आहे त्याला विचारा, "यातलं काय सोडू?" लहानांनी विचारा आणि मोठ्यांनाही विचारायला लावा. आम्हाला विचारून उपयोग नाही. आम्हाला सगळं ठाऊक असतं, पण सांगता काहीच येत नाही.

फिटरकाकांना अजून कळलेलं नाही. त्यांना वाटतंय, त्यांचं काम कमी पडलं. पहिला हात पातळ बसला, म्हणून साहेबांच्या मनात भरलं नाही. म्हणून शुक्रवारी ते परत आले. आता मला न्यायचंच होतं, तरी वाकून वाकून त्यांनी माझ्यावर पेंटचा आणखी एक हात मारला, डाव्या बाजूला जरा जास्तच. शनिवारी सकाळी भंगाराचा ट्रक आला. चार हमालांनी मला साखळदंड बांधले आणि लोखंडाच्या ढिगावर उचलून टाकायला घेतलं, तेव्हा काका धावत ट्रकपाशी आले.

"जपून रे बाबांनो," ते ओरडले, "रंग ओला आहे अजून!"